दुसऱ्या बाकाचं गाणं

सरिता रणभिसेनं आयुष्यात एकदाही कुठल्या गाण्याची मूळ चाल म्हटली नव्हती. चाल तिला येत नव्हती असं नाही. पण तोंड उघडलं की बाहेर पडायची ती दुसऱ्या आवाजाची ओळ. याला जबाबदार तारा टीचर.

सरिता शाळकरी पोर असताना नागपुरातल्या त्यांच्या चर्चमध्ये तारा टीचर गायकवृंद चालवायच्या. त्यांनी सरिताची हनुवटी धरून तिला सूर लावायला सांगितला आणि कुंडली वाचावी तसं सांगून टाकलं, "दुसरा बाक." पहिल्या बाकावरच्या मुली चाल म्हणत. दुसऱ्या बाकावरच्या मुली तिच्या खालून चालत साथ देत. पहिल्या बाकाची चाल जिने चढायची, गच्चीवर जायची, पतंग उडवून खाली यायची. दुसऱ्या बाकाची ओळ एका पायरीवर बसून असायची. मधूनच उठायची, पदर झटकायची आणि शेजारच्या पायरीवर बसायची.

"टीचर, आमचं कोणाला ऐकूच येत नाही," सरितानं एकदा तक्रार केली.

"ऐकू आलीस तर चूक," तारा टीचर म्हणाल्या. "नसलीस तर त्याहून मोठी चूक. बस खाली."

सरिता बसली, ती बसलीच.

पुढं तिचं लग्न झालं रेव्हरंड मनोहर रणभिसे यांच्याशी. मनोहरराव नगरकडचे, उंचेपुरे, मनानं निर्मळ आणि ठार बेसूर. बेसूर माणसं दोन प्रकारची असतात. एक, ज्यांना आपण बेसूर आहोत हे माहीत असतं. ती गप्प बसतात. मनोहरराव दुसऱ्या प्रकारचे होते. लग्नानंतर मिशनच्या मंडळानं या जोडप्याला देवलापारच्या पुढं, सालईटोला नावाच्या गोंड वस्तीवर पाठवलं. सोबत एक बाजाची पेटी, औषधांचा एक खोका आणि भरपूर आशीर्वाद दिले. पेटीला रस्त्यातच पाणी लागलं. औषधं महिनाभर पुरली. आशीर्वाद अजून शिल्लक आहेत.

पहिल्या रविवारी मोहाच्या झाडाखाली गाव जमलं. मनोहररावांनी ठरवलेलं होतं: चाल मी धरतो, साथ तू दे. गाणं होतं ‘दिवा घेऊन या रे, दारी पाहुणा आला’. मिशनच्या जुन्या वहीतलं, चार आवाजांत बांधलेलं. मनोहररावांनी डोळे मिटून, छाती भरून चाल धरली. चाल निसटली. त्यांना ते कळलं नाही. खालून सरिता आपल्या पायरीवरून सावकाश, नीट आपली ओळ म्हणत राहिली.

सालईटोल्याचे लोक कानाचे पक्के. त्यांनी दोघांनाही शांतपणे ऐकून घेतलं आणि असा निष्कर्ष काढला की साहेब लांबच्या कोणाला तरी हाका मारून राहिले आणि बाई गाणं म्हणून राहिली. त्यांनी बाईचं गाणं उचललं.

सरिताच्या हे महिन्याभरात लक्षात आलं. पाणवठ्यावर बाया दुसऱ्या आवाजाची ओळ म्हणत होत्या. नुसती तीच, एखाद्या घराच्या भिंती नसताना जोतंच झाडून पुसून ठेवावं तशी.

"अहो, ते साथीची ओळ म्हणतायत," तिनं नवऱ्याला सांगितलं. "मूळ चाल नाहीच त्यात."

मनोहररावांनी कान देऊन ऐकलं. "पण हीच तर चाल आहे," ते म्हणाले. "मी हेच म्हणतो की."

या उत्तरावर बायकोनं काय बोलायचं असतं, ते कुठल्याच शास्त्रात नाही.

दुरुस्त करू, करू म्हणता गावच्या भुमकाच्या घरी लग्न निघालं. भुमका म्हणजे गावाचा पुजारी, बडादेवाचं सगळं त्याच्याकडे. रणभिसे दाम्पत्याला वाटलं होतं की हा माणूस आपला विरोधक ठरेल. त्यानं मांडवात तेच गाणं म्हणवून घेतलं. "पाहुणा दारी आला, दिवा घेऊन या, हे काय वाईट हाय?" भुमका म्हणाला. "आमच्याकडं बी पाहुणा आला का दिवाच आणते." मग ते गाणं भाताच्या रोवणीला गेलं, बारशाला गेलं, मोहफुलं वेचायला जंगलात गेलं. लेकी सासरी गेल्या तसं आसपासच्या टोल्यांवर गेलं. तीस वर्षांत सालईटोल्यात बाप्तिस्मा घेतलेली घरं फारशी वाढली नाहीत. गाणं मात्र घरोघरी पोचलं. नागपूरच्या मंडळाला ही प्रगती कुठल्या रकान्यात टाकायची ते कधी कळलं नाही.

मंडळाची वार्षिक सभा भरली की व्यासपीठावरून सांगत, "रेव्हरंड रणभिसे यांनी बालवाडी चालवली, दवाखाना चालवला, मुलींचं वसतिगृह उभं केलं. सौ. रणभिसे यांनी त्यांना मोलाची साथ दिली." मनोहररावांना सुईचं टोक दिसलं तरी घेरी येई. दवाखान्यात सरिता सुया टोचत असली की ते अंगणातल्या पेरूखाली पाठमोरे बसून प्रार्थना करत. पण सभेत टाळ्या वाजल्या की ते उठून मान लववीत आणि घरी येताना खरोखरच अवघडून म्हणत, "सरू, हे बरोबर नाही." सरिता म्हणे, "राहू द्या. सवय आहे."

घोटाळा पहिल्यांदा उघडकीला आणला तो रितिकानं. रणभिशांची ही एकुलती लेक सालईटोल्यात वाढली, इंजिनियरिंगला नागपूरला आली आणि पहिल्याच रविवारी चर्चमधून निघून तिनं आईला फोन लावला.

"आई, इथले सगळे चुकीचं म्हणतात."

"सगळे?"

"अख्खं चर्च! मी एकटी बरोबर म्हणत होते तर मागं वळून वळून पाहत होते माझ्याकडे."

सरितानं तेव्हा लेकीला खरं काय ते सांगितलं. रितिका आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. पण गावाला हे सांगायचं नाही, अशी आईनं तिला शपथ घातली. कारण असं होतं.

सालईटोल्यात बाहेरून जे जे आलं ते अर्धंच आलं. रस्ता आला तो नाल्यापर्यंत. पाण्याची टाकी आली. नळ आले नाहीत. शाळेच्या दोन खोल्या मंजूर झाल्या, एक बांधली. मोबाईलचा मनोरा उभा राहिला. टेकाडावर चढलं तर फोन लागतो, एरवी त्याच्यावर घारी बसतात. गावाला अर्ध्याची इतकी सवय झाली होती की कोणी पूर्ण काही देतो म्हटलं की लोक हसून चहा पाजून वाटेला लावत. अख्खी, सगळीच्या सगळी हाती आलेली अशी एकच गोष्ट त्यांच्याकडे होती, ते गाणं. तेही अर्धंच होतं, आणि ते अर्धं देणारी आपण, हे सरितानं कुठल्या तोंडानं सांगायचं?

असं झाकलेलं सगळं सुरळीत होतं. तेवढ्यात रितिकानं उत्साहाच्या भरात सालईटोल्याचं नाव नागपूरच्या नाताळ गायन स्पर्धेत घालून टाकलं. आजूबाजूच्या चर्चच्या सगळ्या मंडळ्या त्यात उतरतात. मौद्याची येते, कामठीची येते आणि बक्षिसाची ढाल दरवर्षी नंदनवनची मंडळी घेऊन जाते. प्रत्येकानं समितीनं ठरवून दिलेलं गाणं म्हणायचं. या वर्षी समितीनं ठरवलेलं गाणं होतं ‘दिवा घेऊन या रे’.

"तू शपथ मोडलीस," सरिता फोनवर म्हणाली.

"मी कुठं सांगितलं कोणाला?" रितिका म्हणाली. "नाव दिलं तेव्हा गाणं कोणतं ते जाहीर व्हायचं होतं. आता तू शिकव ना त्यांना खरी चाल. महिना आहे."

महिना होता खरा. गाण्याचं पुढारपण होतं सोनकाबाई उईके यांच्याकडे. सोनकाबाई म्हणजे त्या भुमकाची सून. रविवारी चर्चला यायची, बडादेवाच्या पूजेला तिथं जायची, आणि दोन्हीकडं गाणं तिच्याशिवाय सुरू व्हायचं नाही. सरितानं तिला अंगणात बसवलं आणि मोबाईलवर नागपूरच्या गायकवृंदाचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं.

सोनकाबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. "चांगलं हाय," ती म्हणाली. "लेकराइचं हाय का वं बाई हे?"

"नाही. नागपुरात असंच म्हणतात ते."

"अशा उड्या मारत?"

"हो."

"बिचारे," सोनकाबाई म्हणाली. थोडा विचार करून तिनं विचारलं, "तुमी तिथून इकडं आल्या तवापासून बिघडलं असंल, नाही का? कोणी शिकवाले राहिलं नसंल."

सरितानं दोन-तीनदा प्रयत्न केला. बाया ती चाल घटकेत उचलत, तिला दाखवायला म्हणून म्हणत, मग "हाव, हे झालं, आता गाणं म्हणू" असं म्हणून आपल्या ओळीवर येत. एकदा तर सरितानं स्वतः ती चाल म्हणून दाखवायचं ठरवलं. घसा खाकरला, पदर खोचला, तोंड उघडलं. बाहेर आला दुसरा बाक.

"हे पाहा," सोनकाबाई बायांना म्हणाली, "बाईइले बी नाही येत ते उड्याचं."

स्पर्धेच्या दिवशी देवलापारहून भाड्याची गाडी निघाली. बायांनी ठेवणीतली लुगडी काढली होती, मनोहररावांनी कोट घातला होता. हसतील, सरिताला वाटत होतं. हसतील आणि मग कोणीतरी शहाणा उठून सांगेल की बायांनो, हे गाणं नाही, ही गाण्याची खालची बाजू आहे. तीस वर्षांचं सगळं त्या एका वाक्यात जाईल.

मिशन शाळेचं सभागृह गच्च भरलं होतं. समितीचे सचिव विल्सन आढाव पायाला चाकं लावल्यासारखे फिरत होते. ढाल टेबलावर मखमलीखाली झाकलेली होती. पहिल्या रांगेत, चाकाच्या खुर्चीत, तारा टीचर बसल्या होत्या. म्हाताऱ्या, पिंपळपानासारख्या जाळीदार झालेल्या, कानाला यंत्र. सरिता पाया पडायला वाकली.

"कोण?"

"सरिता, टीचर. दुसरा बाक."

"इतकी वर्षं कुठं होतीस?" टीचर करवादल्या. "गायकवृंदात भोक पडलं होतं."

स्पर्धा सुरू झाली. कामठी झाली, मौदा झालं. नंदनवनची मंडळी एकसारखे कोट घालून आली आणि त्यांनी चारही आवाजांत इतकं चोख म्हटलं की परीक्षक पियुष सर, जे संगीत विद्यालयातून आले होते आणि चेहऱ्यावर काही न दाखवण्यात वाकबगार होते, त्यांनीही जांभई आवरली. तारा टीचरनी मध्येच हात कानाकडं नेऊन यंत्र बंद केलं होतं, हे फक्त सरितानं पाहिलं.

मग सालईटोला.

वाद्यांना परवानगी नव्हती, म्हणून टिमकी बाहेर चपलांपाशी ठेवावी लागली. बायांनी एकमेकींच्या कमरेला हात घातले, नाचाला उभ्या राहतात तशी साखळी केली आणि सोनकाबाईनं सूर धरला. दिवा घेऊन या रे.

सभागृह चाल कधी येते याची वाट पाहू लागलं. चाल आली नाही. पहिली ओळ संपली, दुसरी संपली. बाया एका पायरीवर बसल्या होत्या, सावकाश उठत होत्या, पदर झटकत होत्या, पुन्हा बसत होत्या, आणि त्यांचे पाय एकाच लयीत मागं-पुढं होत होते. मागच्या रांगांतून खुसखुस उठली. कोणी म्हणालं, "हे कोणतं गाणं व्हय बे?" एका पोरीनं हसू दाबायला रुमाल तोंडात कोंबला.

विल्सन आढाव व्यासपीठावर चढले. "ताई, ताई, थांबा. ठरलेलं गाणं म्हणायचं आहे. तुम्ही दुसरंच म्हणून राहिल्या."

"तेच म्हणून राहिलो ना जी," सोनकाबाई म्हणाली.

"हे ते नाही."

"काहून नाही? आमी जन्मभर म्हणतलं."

आता सभागृह मोकळं हसलं. सोनकाबाई हसली नाही. तिनं मान वळवून पहिल्या रांगेत बसलेल्या सरिताकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, शंकाही नव्हती. नुसती वाट पाहणं होतं. दवाखान्यात लेकरू मांडीवर घेऊन बसायची तेव्हा जशी बघायची तसंच. बाई सांगेल आता काय ते.

शेजारून मनोहरराव उठू लागले. आयुष्यभर सभेत तेच उठत आले होते. सरितानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुम्ही बसा," ती म्हणाली आणि स्वतः उठली.

"आढाव, खाली या," तिनं सांगितलं. आवाज काही मोठा नव्हता, पण तो आवाज साप चावलेल्या माणसाच्या घरच्यांना गप्प करण्यात तयार झालेला होता. आढाव खाली आले. "गाणं तेच आहे. ही दुसऱ्या आवाजाची ओळ. मी शिकवली, मला तेवढीच येत होती. तीस वर्षं त्यांनी ती एकट्यांनी सांभाळली, एक स्वर इकडचा तिकडं होऊ दिला नाही. वर काही नसताना खालची ओळ अशी धरून ठेवायची म्हणजे काय, ते तुमच्यातल्या गाणाऱ्यांनी स्वतःला विचारावं." ती सभागृहाकडं वळली. "वरची चाल तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. मग हसता कशाला? म्हणा की. सोनकाबाई, पहिल्यापासून."

सोनकाबाईनं पुन्हा सूर धरला. पहिली ओळ गेली. कोणी तोंड उघडलं नाही. माणसं छताकडं, मोबाईलकडं, एकमेकांच्या चपलांकडं पाहत होती. सरिता उभीच होती.

तेवढ्यात पहिल्या रांगेत एक म्हातारा आवाज उठला. तारा टीचर. कानातलं यंत्र चालू करून, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून त्या चाल म्हणत होत्या. आवाज फाटका होता, श्वास पुरत नव्हता, जिना चढताना त्या दोन ठिकाणी थांबल्या. पण खाली पायऱ्या भक्कम होत्या; पाय कुठं टेकायचा ते म्हातारीला नेमकं कळत होतं.

मग नंदनवनच्या मंडळीतली एक मुलगी उठली. मग त्यांची सगळी रांग. मग कामठी, मौदा, रुमाल कोंबलेली ती पोरगी, चहावाल्याचा माणूस, आणि कडव्याला येईपर्यंत अख्खं सभागृह उभं होतं. तीस वर्षं रानात एकटी फिरणारी ओळ आणि तीस वर्षं नागपुरात हिंडणारी चाल एकमेकींना भेटल्या तेव्हा जे झालं त्यानं खिडक्यांची तावदानं थरथरली, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. तावदानं तशी सैलच होती, हे खरं. पण त्या दिवशी कोणी तो विषय काढला नाही. पियुष सरांनी चेहरा आवरायचा सोडून दिला आणि चष्मा पुसायला काढला.

मनोहरराव अर्थातच गात होते. डोळे मिटून, छाती भरून. सगळ्या सभागृहाच्या आवाजात त्यांची चाल कुठं निसटली ते त्या दिवशी कोणालाही ऐकू आलं नाही. सुरात गायल्याचा जो आनंद ते जन्मभर उगीच भोगत आले होते, तो आज पहिल्यांदा सगळ्या बाजूंनी खरा होता.

गाणं संपलं आणि टाळ्या सुरू झाल्या. मग त्या थांबेनात.

पियुष सरांनी निकाल सांगितला. ढाल सालईटोल्याला. विल्सन आढाव घाईघाईनं त्यांच्या कानाशी लागले. अशानं पुढच्या वर्षी कोणीही प्रेक्षकांना गायला लावील, हे नियमात बसत नाही. पियुष सरांनी नियमावली मागवून तिथंच वाचली. गायकांनी काय करायचं नाही ते त्यात सविस्तर होतं. प्रेक्षकांनी गाऊ नये असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं, कारण इतक्या वर्षांत कधी कोणा प्रेक्षकाला गावंसं वाटलंच नव्हतं.

मग आढावांचा चेहरा पडण्याचं खरं कारण बाहेर आलं. मखमल काढली तर ढालीवर ‘विजेते: नंदनवन’ असं आधीच झळकत होतं. दरवर्षी तेच जिंकतात, ऐन वेळी धावपळ नको, म्हणून आढावांनी इतवारीच्या बाजारातून नाव कोरूनच आणलं होतं.

"दोन दिवस द्या," ते सरिताला म्हणाले. "इतवारीत देतो, घासून नवीन नाव टाकून आणतो. सौ. रणभिसे यांच्या... म्हणजे, तुमच्या मार्गदर्शनाखाली, असंही टाकतो."

"यांनी मोलाची साथ दिली," मनोहरराव मध्येच म्हणाले.

"कोणी?"

"मी. ते टाका खाली. बारीक अक्षरात चालेल."

सरितानं नवऱ्याकडं पाहिलं. त्याला गाण्यातलं काही कळत नव्हतं. बाकी बरंच कळत होतं.

गाडीत बसताना सरिताच्या मनात तो एक खिळा राहिलाच होता. बायांना आता सगळं ठाऊक झालं होतं. तिनं भर सभेत सांगितलं होतं, वरची चाल वेगळी आहे म्हणून. सोनकाबाई ढाल मांडीवर उताणी घेऊन खिडकीपाशी बसली होती. चकाकत्या पितळेत स्वतःची टिकली नीट करत होती.

"सोनकाबाई," सरिता शेजारी बसत म्हणाली, "रागावलीस का वं? मी तुमाले अर्धंच गाणं देल्लं."

सोनकाबाईनं तिच्याकडं नवल वाटल्यासारखं पाहिलं. "अर्धं कायचं? गाणं तं आमी पुरं म्हणतलं. ते लोकं वरून आपलं काहीबाही म्हणून राहिले होते." मग तिला वाटलं असावं की पाहुणचार केलेल्या माणसांबद्दल असं बोलू नये. "पण साथ चांगली देल्ली हो त्याइनं. त्या खुर्चीवाल्या बुढीनं तं लयच. उड्या मारतात, पण पडले नाही कुठं."

मागच्या बाकावरून सुट्टीला गावी निघालेली रितिका वाकली. "सोनकामावशी, ढाल इथंच ठेवायची आहे ना? नंदनवनचं नाव खोडून तुमचं टाकायचंय त्याच्यावर."

"खोडून काहून टाकता?" सोनकाबाईनं ढाल छातीशी धरली. "आमचं टाका वरतं. त्याइचं बी राहू द्या खाली. साथ देणाऱ्याचं नाव पाहिजे नं, बाई?"

सरिता रणभिसे इतकी हसली की ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. मग तिनं खिडकीबाहेर तोंड केलं आणि गाणं धरलं. दुसऱ्या बाकावरचंच, मोठ्यानं. गाडी कामठी रोडला लागेपर्यंत सगळ्या बाया तिच्या सुरात मिसळल्या होत्या आणि मनोहरराव डोळे मिटून, छाती भरून, लांबच्या कोणाला तरी हाका मारत होते.